सहा सेकंदांची चिठ्ठी

१५ सप्टेंबर, सोमवार
डिस्पॅचच्या माझ्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम येऊन आठवडा झाला. आज मोजलं. सात ते साडेतीन, पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एकशे बारा चिठ्ठ्या. चिठ्ठी हा माझा शब्द. बाकी सगळे नोटिफिकेशन म्हणतात, गुलाबराव सुपरवायझर ‘टिंग’ म्हणतात. गेटवर गाडी आली, टिंग. व्हायरस तपासला, सगळं ठीक आहे, टिंग. हेड ऑफिसमधल्या कुणाचा तरी वाढदिवस, टिंग. सगळ्या एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या. इंग्रजीत. सहा सेकंद थांबतात आणि आपल्या आपण जातात.
मी सातवी शिकलेली. इंग्रजी अक्षरं डिस्पॅचच्या लेबलांवर शिकले. वाचता येतं, पण बोट ठेवून. सहा सेकंदांत अर्धी ओळ होते.
दुपारी गुलाबरावांनी स्पीकरची वायर उपटून ड्रॉवरमध्ये टाकली. “डोकं उठलं राव त्या टिंगनं.” कोणी काही बोललं नाही. मीही नाही. बरंच वाटलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीची मुलगी आली, अश्विनी. चिंचवडची. पंचवीस-सव्वीसची असेल. मला काकू म्हणाली.
तिने एक चिठ्ठी वेगळी करून दाखवली. प्रेस चारला, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या चौथ्या मशीनला, सेन्सर बसवलाय. माणसाचा हात आत असला की प्रेस खाली येत नाही. डाय, म्हणजे साचा, बदलताना सेटर किल्लीने तो सेन्सर बंद करतो आणि काम झालं की चालू करतो. बंद राहिला तर माझ्या पडद्यावर चिठ्ठी येणार. मी लाइनवर फोन करून प्रेस थांबवायचा. एवढंच काम.
मी विचारलं, ही पण सहाच सेकंद? म्हणाली, हो काकू, सगळ्यांना एकच नियम आहे.
जाताना फॉर्म दिला. वापरणाऱ्याचं मत. चांगले, बरे, वाईट. गुलाबरावांनी ‘चांगले’ला खूण केली आणि पेन माझ्याकडे दिलं. मीही ‘चांगले’. गाडी लागली होती, चलन अडलं होतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार
सुट्टी. वाचनालयात गेले, दोन पुस्तकं बदलली. दारातली पाटी तशीच आहे, ‘मोबाइल बंद ठेवावा’.
सहा वर्षं होतील. तोही गुरुवार होता. हे ओव्हरटाइमला गेले होते. मी इथे बसून वाचत होते, फोन आवाज बंद करून पर्समध्ये. ह्यांनी नाशिक फाट्याच्या स्टॉपवरून तीनदा लावला. नंतर कुणीतरी रिक्षात घालून नेलं. दवाखान्यात पोचलेच नाहीत.
तो जुना फोन अजून चार्ज करून ठेवते. हिरव्या खुणेवर लाल ३. उघडला तर ३ जाईल, म्हणून उघडत नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार
खंडेनवमी. उद्या दसऱ्याची सुट्टी, म्हणून मशीनपूजा आजच. दहाला काम थांबवलं. प्रत्येक प्रेसला हळद-कुंकू, हार, आंब्याचा डहाळा. माणिक प्रेस चारचा ऑपरेटर, लातूरकडचा, आमच्याच बाजूचा. त्याने मशीन अशी पुसली की नवी वाटावी. मग एक जादा हार घेऊन ऑफिसात आला.
“ताई, तुमच्या मशीनला पण घाला की. तिनं काय पाप केलं?”
मी म्हटलं, ही कसली मशीन, ही बसून खाणारी.
तो म्हणाला, “बसून खाणाऱ्यालाच हार घालतेत ताई, बघा कुटंबी.”
सगळे हसले. पडद्याच्या वरच्या कडेला मधोमध कुंकवाचं बोट लावलं आणि हार घातला. लांब होता, झेंडूचा, दाट. एका बाजूला ओघळत होता, तसाच राहू दिला. माणिकने फोटो काढून ग्रुपवर टाकला.
पूजेचा हार आपल्याकडे लगेच काढत नाहीत. सुकेपर्यंत राहतो.

४ ऑक्टोबर, शनिवार
माणिकची दोन बोटं गेली. उजव्या हाताची, मधलं आणि त्याच्या शेजारचं. ११.५२.
सेटरने डाय बदलला आणि सेन्सर चालू करायचा राहिला. एवढंच कळलं.
मी चलनं करत होते. एकदम सगळे प्रेस थांबले. तेव्हा समजलं. आवाजाने नाही, आवाज गेल्याने.
चिठ्ठी आली नव्हती. मी जागेवरच होते. आली नव्हती.

५ ऑक्टोबर, रविवार
चिठ्ठी आली होती.
मकरंद साहेबांनी, म्हणजे आमच्या प्लांट मॅनेजरनी, सकाळी आठला बोलावून यादी दाखवली. प्रेस ४, सेन्सर बंद, ११.२१. त्याच्यापुढे: पाहिले – विमल – ११.२१. एकतीस मिनिटं मधे.
म्हटलं, मी नाही पाहिलं साहेब. ते म्हणाले, विमलताई, सिस्टीम खोटं कशाला बोलेल. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.
परत जागेवर आले. काही सुचेना म्हणून पडदा पुसायला घेतला. तेवढ्यात उजव्या कोपऱ्यात झेंडूच्या मागे उजेड हलला. फुलांच्या फटीतून एक निळसर कड दिसली. मी बघत राहिले. मनात सहापर्यंत मोजलं. गेली.
हार मी घातला होता. तीन दिवस कोपरा झाकलेला होता आणि मला तो झाकलेला वाटलाच नाही. चिठ्ठ्या कमी झाल्या म्हणून बरंच वाटत असणार. आठवत नाही.
हार काढला. कचऱ्यात टाकवेना, निर्माल्य. जेवणाच्या पिशवीत ठेवला. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की मी पुरावा काढून घेतलाय. कुणी पाहिलं नाही. किंवा पाहिलं असेल.
माणिकने टाकलेला फोटो ग्रुपवर आहे. त्यात सगळं दिसतं. कुणी बघत कसं नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार
प्रेस चार बंद. लाल फीत बांधली आहे. जेवण गेलं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार
साहेबांनी टाइप केलेला कागद पुढे केला. ‘सूचना पाहिली, परंतु कामाच्या गडबडीत कळवायचे राहून गेले.’ खाली माझं नाव, सहीची जागा.
सौम्य बोलले. फक्त समज देऊ, नोकरीला हात लागणार नाही. मानवी चूक म्हटलं की चौकशी मिटते. मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला येताहेत, त्याआधी सोमवारी प्रेस चार चालू झाला पाहिजे. शुक्रवारपर्यंत सही.
मी विचारलं, आणि चिठ्ठीचं काय?
“कसली चिठ्ठी?”
“ती कोपऱ्यातली. ती तशीच राहणार?”
“सिस्टीम चालतेय ना, ताई. ती आली होती.”
म्हणजे सोमवारी प्रेस चारवर नवा माणूस बसणार आणि चिठ्ठी पुन्हा सहा सेकंदांचीच. मी सही केली की माझी चूक ठरते. माझी चूक ठरली की दुसरी कुठलीच उरत नाही.
गुलाबराव चहाला बाजूला घेऊन बसले. ते मूळचे चाकणचेच, ह्या शेडखाली एके काळी त्यांचाच कांदा पिकायचा. मनाने वाईट नाहीत. म्हणाले, “सही कशाला करताय? म्हणा, मी जाग्यावर न्हवते. तिन्ही पाळ्यांना तुमच्याच नावानं मशीन चालतंय. कोण बसलं होतं कुणाला ठावं?”
ते खरं आहे. सकाळी सातला मी माझ्या नावाने उघडते, पासवर्डचा कागद पडद्याखालीच चिकटवलाय, दुसऱ्या दिवशी सातपर्यंत सगळे विमलच असतात.
“पण मी जागेवर होते, गुलाबराव.”
“व्हय, पर ते कुणाला म्हाईत न्हाई.”

८ ऑक्टोबर, बुधवार
सुटल्यावर मोशीच्या दवाखान्यात. उद्याच्या सुट्टीवर ढकलता आलं असतं, पण गेले.
माणिक उशीला टेकून बसला होता. हाताचं मोठं गाठोडं. बायको संगीता मोसंबी सोलत होती. तो नेहमीसारखा बोलायला लागला. आता टाळ्या अर्ध्याच वाजणार, सासऱ्याच्या भजनाला जायचं सुटलं. संगीता म्हणाली, गप बसा जरा. तो गप बसला. 
निघताना त्याने विचारलं.
“ताई, लोक म्हणायलेत तुमाला दिसलं होतं म्हणून. दिसलं होतं का?”
संगीताची सुरी थांबली.
“नाही दिसलं. हार होता त्याच्यावर. मी घातलेला.”
तो माझ्याकडे बघत राहिला. “मी आणलेला,” म्हणाला.
मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं. आता तोही ते घेऊन झोपणार.
संगीता जिन्यापर्यंत आली. एवढंच म्हणाली, “सोमवारी त्या मशीनवर कोण बसणारे ताई?”
दत्ता. तेवीस वर्षांचा, ह्याच उन्हाळ्यात लग्न झालंय. मी नाव सांगितलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार
सुट्टी. अश्विनी घरी आली. पत्ता विचारत आली, संत तुकाराम नगरात आमची बिल्डिंग सापडायला तिला अर्धा तास लागला. पाणी प्यायली नाही.
म्हणाली, “काकू, चिठ्ठी आपोआप गेली तरी ‘पाहिले’ अशी नोंद होते. तुम्ही काही दाबलं नसणार. ती ओळ मी लिहिलीय.”
मी विचारलं, असं का लिहिलंस? म्हणाली, न पाहिलेल्या चिठ्ठ्यांचा ढीग झाला की यादी लाल दिसते. लाल यादी साहेब लोकांना आवडत नाही. म्हणून गेली की पाहिली धरायची, असं ठरलं. तिने तिच्या वरिष्ठाला सांगितलं, तो म्हणाला गप्प बस. नोकरीला वर्षही झालेलं नाही.
चहा केला. मग तिनेच वही काढली. “आता खरं सांगा. फॉर्ममध्ये लिहिलं नाही ते. कशी असायला हवी?”
जे सुचलं ते सांगितलं. वाढदिवसाला आणि हात तुटण्याला एकच आवाज नको. वाढदिवस सांगूच नका, मला जेव्हा बघायचा तेव्हा बघेन. दिवसात एकशे बारा वेळा हाक मारली तर एकशे तेराव्याला कोण वळणार. हे म्हणायचे, रोज वाजणारी घंटा आठ दिवस घंटा असते, नवव्या दिवशी भिंत होते. जीवाची असेल ती मराठीत हवी, पडद्याच्या मधोमध, काम अडवून. अडवलं म्हणून मी चिडेन. चिडू दे. आणि माणूस कामात बुडालाय, हळू वाचतोय, समोर हार लोंबतोय, हे सगळं धरून चाला. आम्ही असेच असतो.
ती भराभर लिहीत होती. मग थांबली. “पण काकू, ती जावी कधी? वाचल्यावर?”
“वाचल्यावर नाही. काम झाल्यावर.”
“आणि पाहिलं म्हणून नोंद?”
“पाहिलं ह्याला काय अर्थ आहे. काय केलं ते विचार.”
तिने ते दोनदा लिहिलं. माझ्या तोंडून पुढचं निघून गेलं. म्हटलं, आणि जिचं काम आता होऊच शकत नाही, ती चिठ्ठी कधी जावी?
तिला कळलं नाही. म्हणाली, असं कधी होतं? मी म्हटलं, राहू दे.
ती गेल्यावर कागद घेऊन बसले. तीन वेळा फाडला. शेवटी साधं लिहिलं. मी ११.२१ ला जागेवर होते. सूचना पाहिली नाही. पडद्यावर पूजेचा हार होता, तो मीच घातला होता. स्पीकरची वायर काढताना मी गप्प बसले. फॉर्मवर ‘चांगले’ लिहिलं ते खोटं होतं. सूचना सहा सेकंदांत जाते आणि गेली की सिस्टीम ती पाहिली असं धरते. हे बदलल्याशिवाय प्रेस चार चालू करू नये.
अश्विनीचं नाव घातलं नाही.
आताचा फोन उचलून ह्यांच्या नावापर्यंत गेले, मग ठेवला. कोणाला वाचून दाखवायचं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
कागद दिला.
साहेबांनी उभ्यानेच वाचला. मग बसून वाचला.
“हार? विमलताई, हे गिऱ्हाइकापुढे जाणार. कंपनीत सेफ्टीच्या स्क्रीनवर झेंडू लोंबत होता, असं लिहून देऊ?”
“होता साहेब.”
“ह्यात तुम्ही स्वतःलाच अडकवताय. माझ्या कागदावर नुसती समज होती. ह्याच्यावर मी काय करायचं?”
“चिठ्ठी बदलायची.”
ते खिडकीबाहेर बघत राहिले. पूजेला नारळ त्यांनीच फोडला होता. तेव्हा पडदा त्यांच्याही समोर होता. मी ते बोलले नाही, पण दोघांनाही आठवत होतं असं वाटलं.
दोन्ही कागद ठेवून घेतले. म्हणाले, बघतो. प्रेस सोमवारीच चालू होईल.
खाली आले तर गुलाबराव ड्रॉवर उघडून उभे. हातात स्पीकरची वायर. माझ्याकडे न बघता जोडली आणि निघून गेले.

११ ऑक्टोबर, शनिवार
अश्विनीचा फोन. तिने मकरंद साहेबांना सरळ विचारलं, चाचणी म्हणून एकाच कॉम्प्युटरवर, एकाच चिठ्ठीला बदल करू का? ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. तिने हो धरलं. ‘पाहिले’ची जुनी ओळ काढायची परवानगी मात्र नाही. यादीत ४ तारखेसमोर अजून माझं नाव आहे.
पासवर्डचा कागद सोलून काढला. दुसऱ्या पाळीवाले ओरडले. प्रत्येकाने आपापल्या नावाने बसा म्हटलं. ताई आता साहेब झाल्या, असा टोमणा आला. येऊ दे.

१३ ऑक्टोबर, सोमवार
सकाळी प्रेस चारची फीत काढली. पुन्हा नारळ. पुन्हा हार आणलेले. मी माझ्याकडचा प्रेसला दिला, पडद्याला नाही. दत्ता बसला. मेंदी अजून पुसट दिसते त्याच्या करंगळीच्या नखाच्या टोकावर.
१०.४० ला आली. मधोमध, मोठी, मराठीत. ‘प्रेस ४ : हात वाचवणारा सेन्सर बंद आहे.’ मोठ्याने वाजत होती. चलन तिच्याखाली झाकलं गेलं. खिडकीत ट्रकवाला, “ताई, माझं तेवढं काढा आधी.” मागून गुलाबराव, “टेस्टिंगची आसंल. घालवा.”
घालवायची सोय नाही. फुली नाही. खाली एक रिकामी चौकट, ‘काय केलं?’
लाइनवर फोन लावला. वाजत राहिला. प्रेसच्या दणक्यात कोणाला ऐकू येणार. इतके दिवस हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अश्विनीच्या नाही, माझ्याही नाही. ४ तारखेला पाहिलं असतं तरी मी हाच फोन लावून बसले असते का?
उठले. पिवळ्या पट्ट्यातून चालत गेले, पळायला बंदी आहे. चौथ्या प्रेसपर्यंत एकशे दहा पावलं. दत्ता खाली वाकून पत्रा सरकवत होता. चालत्या मशीनवरच्या माणसाला मागून हात लावायचा नसतो, हे ह्यांनी लग्नानंतर पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. म्हणून वळसा घालून समोर गेले आणि दोन्ही हात वर केले.
त्याने पाहिलं. पॅडलवरून पाय काढला. प्रेस थांबला.
सेन्सरची किल्ली सेटरच्या खिशात होती. सेटर चहाला.
दत्ता म्हणाला, “काय झालं काकू?” त्याला कळलंच नव्हतं. सेटर येईपर्यंत मशीनला हात लावू नको म्हटलं.
परत आले तर ती तशीच उभी. चौकटीत लिहिलं, ‘जाऊन थांबवला. फोन ऐकू येत नाही. – विमल’. मग गेली.
साडेतीनला साहेबांनी बोलावून सांगितलं. चौकशी बुधवारी अकरा वाजता, गिऱ्हाइकाची माणसंही असतील. टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी होते, दारातून दिसले. कोणता पुढे सरकवणार ते बोलले नाहीत.
हार अजून पिशवीत आहे, पार वाळलाय. देहूला नदीवर न्यायचा ठरवला होता. आता नाही. बुधवारी बरोबर नेणार.